एकाच भट्टीच्या सळया

धाकटी: ते राहू दे. मला एवढंच सांग, हरकत घेतली कोणी? नाव सांग. मी भांडायला जात नाही, हात जोडायला जाते.

थोरली: तू आधी बस. आणि हा चष्मा चढव डोळ्यांवर. इथे त्याशिवाय उभं राहू देत नाहीत.

धाकटी: बसायला नाही आले मी, ताई. सकाळी दवाखान्यातून फोन आला. तुमच्या मुलीचं ऑपरेशन पुढे गेलंय. म्हटलं, कधीपर्यंत? तर म्हणे सध्या तारीख नाही. का नाही? तर पाठीत घालायच्या सळया जिथे बनतात तिकडून हरकत आलीये. तिकडून म्हणजे इथून ना? तुमच्याच ह्या कारखान्यातून?

थोरली: कारखाना नाही, प्रयोगशाळा.

धाकटी: जे काय असेल ते. आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस?

थोरली: संध्याकाळी येणारच होते तुझ्याकडे.

धाकटी: संध्याकाळी! माझी नोकरी काय आहे, विसरलीस? नळाला पाणी नाही म्हणून लोक फोन करून माझा उद्धार करतात आणि मी गोड आवाजात सांगते, "संध्याकाळपर्यंत होईल." माझंच वाक्य मला नको ऐकवूस.

थोरली: भिंगरीला कळलंय?

धाकटी: कुठल्या तोंडाने सांगू? तिने दवाखान्याची पिशवी भरून ठेवलीये. पाठीचा पट्टा आता सुटणार म्हणून वर्गातल्या मुलींकडून त्याच्यावर सह्या घेतल्यात. दोन वर्षं तो पट्टा बांधून ती पोर झोपते ताई, उन्हाळ्यात कातडी सोलून निघते. तरी बाक वाढलाच. आता सैल कपडा घातला तरी खांदा वर आलेला दिसतो. जिना चढली की धाप लागते. भिंगरी कसली, गोगलगाय झालीये.

थोरली: डॉक्टर काय म्हणाले शेवटचं?

धाकटी: तुला ठाऊक नाही? तूच तर प्रत्येक वेळी माझ्या शेजारी बसलेली असायचीस. म्हणाले, तिची उंची वाढायची थांबायच्या आत सळई बसली पाहिजे. नंतर उपयोग नाही. मग उरतं ते जुनंच, मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकायचे. पाठ सरळ, पण लाकडासारखी. ते तर दोन वर्षांपूर्वीच करणार होते. तेव्हा थांब कोण म्हणालं?

थोरली: मी म्हणाले.

धाकटी: "आमची सळई अंगाच्या उबेने हळूहळू सरळ होते, कण्यालाही सोबत सरळ करते, आणि पाठ वाकायची तशी वाकते." अक्षर न् अक्षर पाठ आहे मला. ह्यांच्या घरचे सगळे म्हणत होते करून टाका एकदाचं. सासऱ्यांशी भांडले, ह्यांच्याशी अबोला धरला. सगळ्यांना एकच सांगितलं, माझी ताई बनवतेय ती सळई. आता आयत्या वेळी जो कोण आडवा पडलाय ना, त्याला तू समजाव. तुझं ऐकतील ते.

थोरली: आडवं कोणी पडलेलं नाही.

धाकटी: मग?

थोरली: हरकत मीच घेतली.

धाकटी: काय म्हणालीस?

थोरली: मीच दवाखान्याला कळवलं. ह्या सळया सध्या कुठल्याही मुलाच्या पाठीत घालू नका म्हणून.

धाकटी: थट्टा करू नकोस. मी दोन बस बदलून आलेय.

थोरली: थट्टा नाही गं.

धाकटी: पाणी दे जरा.

थोरली: घे. बस आता. तुला सगळं सांगते, मग काय बोलायचं ते बोल. ही तार धर. भिंगरीच्या सळईपेक्षा बारीक आहे, पण जात तीच. निकेल आणि टायटॅनियम. वाकव.

धाकटी: वाकवून काय करू?

थोरली: वाकव तर. अजून. हवी तशी पिळ. आता ह्या भांड्यात बुडव. पाणी अंगाइतकंच कोमट आहे, भाजणार नाही.

धाकटी: अगं बाई! ही ओढ घेतेय हातातून! जिवंत असल्यासारखी... सरळ झाली की!

थोरली: तिला तिचा पहिला आकार आठवतो. ही गंमत आमची नाही, फार जुनी आहे. पण अशा धातूचं एक दुखणं आहे. वाकली, सरळ झाली, परत वाकली, असं होत राहिलं की दरवेळी ती थोडं थोडं विसरते. दमते आणि शेवटी तुटते. मूल दिवसातून हजारदा वाकतं. म्हणून तिला न दमणारी करायची, हे आमचं काम. ते दाबयंत्र दिसतंय ना, भिंतीपाशी?

धाकटी: तो रणगाडा?

थोरली: तोच. खाली जो पोलादी ठोकळा आहे त्यात एक भोक आहे, आणि ते मध्येच वळतं. कोपर वाकवल्यासारखं. सळई तापवायची, वरून सगळा जोर लावून ढकलायची, ती वळण घेऊन बाजूने बाहेर येते. जाडी तीच, लांबी जवळपास तीच, वरून बघितलंस तर काहीच झालेलं नाही. पण आतून चिरडून निघालेली असते. मग फिरवून पुन्हा घालायची. परत, परत. आतले कण इतके बारीक होतात की एकमेकांवरून घसरत नाहीत. मग ती विसरत नाही.

धाकटी: सासुरवास म्हण की सरळ. सासुरवास कोणी विसरत नाही.

थोरली: तू हसवू नकोस मला. आज नको.

धाकटी: हसवत नाहीये. पुढे बोल. एवढं सगळं चांगलं जमलंय तर नडलं कुठे?

थोरली: ह्या टाकीत काही सळया अंगाच्या उबेच्या पाण्यात सारख्या वाकवतोय, सोडतोय. यंत्र चोवीस तास चालू असतं. त्यातली एक तुटली.

धाकटी: एक.

थोरली: एकच. पण फार लवकर. माणसाच्या हिशेबात मांडलं तर दीड-दोन वर्षांत. भिंगरीच्या पाठीत असती तर शाळेच्या मैदानावर, नाहीतर झोपेत कूस बदलताना तुटली असती. मज्जारज्जूला लागून.

धाकटी: आणि बाकीच्या?

थोरली: अजून चालू आहेत.

धाकटी: म्हणजे एक वाईट निघाली म्हणून सगळ्या वाईट? एक पोळी करपली म्हणून कोणी पीठ फेकून देतं का?

थोरली: सगळ्या एकाच भट्टीच्या आहेत. एकदाच धातू वितळवला, त्याच ओतलेल्या ठोकळ्यातून ह्या निघाल्या. भिंगरीच्या दोन्हीसुद्धा.

सर: आवाज बाहेरपर्यंत येतोय. पाहुण्या आहेत वाटतं?

थोरली: माझी धाकटी बहीण, सर. भिंगरीची आई. आमचे विभागप्रमुख हे.

सर: अस्सं. नमस्कार. बसा, बसा. ह्या खोलीत खुर्च्या अशाच, आम्ही धातूची जास्त काळजी घेतो.

धाकटी: सर, तुम्ही हिचे साहेब ना? मग तुम्हीच सांगा. तुमचंही मत हेच आहे का?

सर: हे बघा ताई, मी दोघी बहिणींच्या मध्ये पडू नये हे उत्तम.

धाकटी: पडा. माझ्या मुलीच्या पाठीचा प्रश्न आहे.

सर: विचारलंत म्हणून सांगतो. माझं मत वेगळं आहे. सळई यंत्राच्या चिमट्यात पकडावी लागते. तिथे ओरखडा पडला की तिथूनच ती जाते. असं आम्ही पूर्वीही बघितलंय.

थोरली: ओरखड्यापासून नाही गेली सर. भेग आतून सुरू झालीये. सूक्ष्मदर्शकाचा फोटो तुम्हीच माझ्यासोबत बघितलात.

सर: बघितला. नाकारत नाही मी. आत कचऱ्याचा एक कडक कण आहे, दाबयंत्रातून जाताना सळई चिरडली पण तो चिरडला नाही, त्याच्या भोवती बारीकशी पोकळी राहिली. शक्य आहे. पण असा एखादा कण कुठल्या भट्टीत नसतो? त्यांना त्यात इशारा दिसतो, मला अपवाद दिसतो. दोघेही शिकलेलेच आहोत.

धाकटी: मग भिंगरीच्या सळयांत तसा कण आहे का ते बघा ना. एक्स-रे काढा.

सर: इतकं बारीक एक्स-रेत येत नाही. तेवढी सोय असती तर हा वादच नव्हता.

धाकटी: मग त्याच यंत्रात घालून बघा. टिकल्या तर द्या आम्हाला.

थोरली: तपासायचं म्हणजे दमेपर्यंत वाकवायचं. तपासलेली सळई मग मुलीला घालता येत नाही. आणि घालायची आहे ती तपासता येत नाही.

सर: हे मात्र खरं बोलल्या त्या. म्हणून कुठेतरी विश्वास टाकावा लागतो. ताई, मणके जोडायच्या ऑपरेशनमध्ये धोका नाही का? आहे. पोरगी जन्मभर पाठ वाकवू शकणार नाही, तो धोका नाही, ती खात्रीच आहे. फक्त त्याचा फोटो कोणी माझ्या टेबलावर आणून ठेवत नाही.

थोरली: सर, तुम्ही हे तिला...

सर: माझं एवढंच म्हणणं होतं, भाचीचं नाव आलं त्याच दिवशी तुम्ही ह्या कामातून बाजूला व्हायला हवं होतं. नात्यातलं माणूस समोर आलं की नजर हलते. प्रत्येकाची हलते, माझीही हलली असती. असो. कुलूप लावून जा, किल्ली माझ्या खोलीत ठेवा.

धाकटी: चांगला माणूस वाटला.

थोरली: चांगलेच आहेत. दहा वर्षं ह्या सळईमागे आहेत.

धाकटी: मग एक सांग. अगदी खरं. भिंगरीच्या जागी दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर ही हरकत घेतली असतीस?

थोरली: असं काय विचारतेस?

धाकटी: उत्तर दे.

थोरली: माहीत नाही.

धाकटी: माहीत नाही म्हणजे?

थोरली: खरंच माहीत नाही गं. कदाचित मीही म्हणाले असते, ओरखडाच असेल. बाकीच्या चालू आहेत ना, मग झालं. कदाचित म्हणाले असते. तो फोटो समोर आला आणि मला भिंगरीची पाठच दिसली. तेव्हापासून मी स्वतःला हेच विचारतेय.

धाकटी: वा! म्हणजे लोकांच्या मुलींना ती सळई चालली असती. आणि माझ्या मुलीवर तुझी माया जास्त, म्हणून तिच्याच पाठीचं लाकूड करायचं! अशी माया वैऱ्यालाही नको.

थोरली: बोल. सगळं बोल.

धाकटी: मला विचारलं का नाहीस? आई आहे मी तिची. हे जे आता ऐकवलंस, कण काय, पोकळी काय, हे चार दिवस आधी माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगता येत नव्हतं? ठरवून मोकळी झालीस, आणि मला कळलं कुठून, तर दवाखान्याच्या फोनवरून. रस्त्यावरच्या माणसासारखं!

थोरली: विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, होऊ दे.

धाकटी: म्हणाले असते! छातीठोक म्हणाले असते!

थोरली: आणि मी ऐकलं असतं. तुला नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. तू रडलीस की मी माझी बाहुली काढून द्यायचे. म्हणून न विचारता केलं.

धाकटी: म्हणजे चोरून.

थोरली: चोरूनच म्हण.

धाकटी: निघते मी. दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो ह्याचा?

थोरली: थांब, सोडायला येते. भिंगरीशी मी बोलते. मी सांगते तिला.

धाकटी: तू नाही. ते माझं मी बघेन. तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला हेसुद्धा पटेल, आणि ते मला बघवणार नाही. आणि काही दिवस घरी येऊ नकोस. हे चिडतील म्हणून नाही सांगत. मलाच नको आहेस.

(काही महिन्यांनंतर. धाकटीचं घर, सकाळची घाई. मधल्या काळात भिंगरीचे मणके जोडण्याचं ऑपरेशन होऊन गेलं आहे.)

भिंगरी: आई, दारात बघ कोण आहे! मावशी! आत ये ना, अशी वीजबिल द्यायला आल्यासारखी काय उभी राहिलीस?

थोरली: केवढी उंच झालीस गं!

भिंगरी: एका दिवसात! टेबलावर झोपले तेव्हा बुटकी, उठले तेव्हा ही एवढी. आईचे कपडे येतात मला. फक्त मागे वळायचं असेल तर अख्खं वळावं लागतं. वर्गातली मुलं मला कपाट म्हणणार, मला माहितीये. म्हणून मीच फोनवर सगळ्यांना सांगून टाकलं, सोमवारी कपाट येतंय, जागा करून ठेवा. त्यांची मजाच गेली.

थोरली: दुखतं का अजून?

भिंगरी: आता थोडंच. आधी खूप दुखायचं. तेव्हा मी आईला बोलायचे आणि आई तुला बोलायची.

धाकटी: भिंगरे!

भिंगरी: खोटं आहे का?

धाकटी: आज पहिल्यांदा शाळेत चाललीये. बस येईल एवढ्यात.

थोरली: मला माहीत नव्हतं आजच आहे ते. मी नंतर येते मग.

धाकटी: आलीस तर ये आत. चहा गाळतेय.

थोरली: चहा नको. एक गोष्ट सांगायची होती. बाहेरून तुझ्या कानावर यायच्या आत.

धाकटी: सांग. तिच्यासमोरच सांग. तिच्या पाठीबद्दल तिच्या पाठीमागे बोलायचं नाही, असं ठरलंय आता ह्या घरात.

थोरली: त्या भट्टीच्या जेवढ्या सळया उरल्या होत्या त्या सगळ्या आम्ही यंत्राला लावल्या. भिंगरीसाठी ठेवलेल्या दोन्हीसुद्धा. काल शेवटची उतरवली.

धाकटी: किती तुटल्या?

थोरली: एकही नाही.

धाकटी: एकही...

थोरली: नाही. भिंगरीच्या दोन्ही ठरवलं होतं त्याच्या कितीतरी पुढे गेल्या. थोडाही आकार विसरल्या नाहीत. शेवटी आम्हीच यंत्र बंद केलं.

भिंगरी: म्हणजे मला घातल्या असत्या तर चाललं असतं?

थोरली: हो राणी. चाललं असतं.

भिंगरी: आणि मी वाकू शकले असते.

थोरली: हो.

धाकटी: चहा उतू गेला वाटतं. जाऊ दे. ताई, तू हे सांगायला आलीस?

थोरली: सर कधीतरी सांगणारच. कोणाच्या ना कोणाच्या तोंडून तुला कळलंच असतं. ह्या वेळी मीच सांगायचं ठरवलं.

धाकटी: नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. तुला कल्पना आहे का मी हे महिने कसे काढलेत? ती कळवळायची, कुशीवर वळवा म्हणायची, आणि मी मनात एकच घोकायचे. तुटलीच असती. ताईने बघितलं म्हणून, नाहीतर तुटलीच असती. तुला शिव्या द्यायचे तोंडाने, पण आत तेवढंच धरून होते. आज तेही घेऊन चाललीस तू.

थोरली: मग काय करायला हवं होतं मी? खोटं सांगू?

धाकटी: तुला येतंय कुठे ते. आई विचारायची, बरणी कोणी फोडली? की तू लगेच माझं नाव सांगायचीस.

थोरली: तूच फोडलेली असायचीस.

धाकटी: म्हणून काय झालं? बहीण ना तू?

भिंगरी: मावशी, पण तेव्हा तुला माहीत होतं का, ह्या तुटणार नाहीत ते?

थोरली: नाही गं.

भिंगरी: तुमच्या त्या सरांना?

थोरली: त्यांनाही नाही. बोलले ते बरोबर निघालं, पण माहीत त्यांनाही नव्हतं.

भिंगरी: मग मी रागवायचं कोणावर?

थोरली: माझ्यावर रागाव.

भिंगरी: रागावते ना कधीकधी. पोहायला जाणाऱ्या मुली खिडकीतून दिसल्या की येतो राग. मग जातो. मग त्या परत येताना दिसतात, ओल्या केसांनी, की परत येतो.

थोरली: येऊ दे.

धाकटी: मग पुढे काय ठरलंय? त्या सळया आता कोणाला घालणार?

थोरली: त्या नाहीत, त्या संपल्या. आता धातू जास्त स्वच्छ वितळवून नवी भट्टी काढलीये. पुढच्या महिन्यात एका मुलाला बसवणार. आठ-नऊ वर्षांचा आहे.

धाकटी: तू बनवतेस?

थोरली: नाही. मला दातांच्या तारांवर टाकलंय. त्याही ह्याच धातूच्या असतात.

भिंगरी: वाकडे दात सरळ करायच्या? मावशी, तुझी काही सुटका नाही. काही ना काही सरळ करतच बसणार तू.

धाकटी: शिक्षा म्हणून टाकलं तुला तिकडे?

थोरली: शिक्षा असं कोणी म्हणालं नाही. सरांनी बोलावलं, बसवलं, घरचं विचारलं, आणि मग सांगितलं. मी फक्त एक मागून घेतलं त्यांच्याकडे. त्या मुलाच्या आईवडिलांना सगळं सांगायचं. तुटलेला तुकडा त्यांच्या हातात ठेवायचा, फोटो दाखवायचा, आणि त्यांना घरी जाऊन विचार करू द्यायचा. हो म्हणाले.

धाकटी: म्हणाले ना? मग मला का नाही दाखवलास तो तुकडा?

थोरली: चुकलंच.

धाकटी: काय चुकलं ते बोल. नुसतं चुकलं म्हणू नकोस.

थोरली: तुला न सांगता केलं, ते चुकलं. एकटीने केलं.

धाकटी: आणि थांबवलंस ते?

थोरली: ते आजही थांबवलं असतं.

धाकटी: एकही तुटली नाही तरी?

थोरली: तरी. आणि आता दुसऱ्या कोणाची मुलगी असती तरी. एवढं एक मला कळलंय स्वतःबद्दल. फार उशिरा कळलं, आणि त्याची किंमत दुसऱ्यानेच भरली.

भिंगरी: दुसऱ्याने म्हणजे मी. माझ्यासमोर बोलताय ना? मग नाव घ्या.

थोरली: तू, भिंगरी. तू भरलीस.

धाकटी: एक ऐक माझं. तू तो तुकडा घेऊन माझ्याकडे आली असतीस ना, तर मी आकांत केला असता. तुला घराबाहेर काढलं असतं. दोन दिवसांनी परत बोलावलं असतं. मग दोघी मिळून रडलो असतो, आणि काय माहीत, शेवटी हेच ठरवलं असतं. कदाचित नसतंही. पण ह्या सगळ्या महिन्यांत मी एकटी नसते गं. तूही नसतीस.

थोरली: हो.

धाकटी: ह्यांनी अजून तुझं नाव टाकलंय. तुला बघितलं तर बोलणार नाहीत.

थोरली: नको बोलू देत.

धाकटी: मलाही एकदम जमेल असं समजू नकोस. तू समोर बसलीस की मला तो फोन आठवतो, दवाखान्याचा.

थोरली: समजतेय मी. निघते आता.

भिंगरी: आई, बस कोपऱ्यावर आली! माझे बूट!

धाकटी: अरे देवा. थांब, हलू नकोस. अजून वाकू देत नाहीत ना तिला. आणि नाड्याचेच बूट हवेत बाईसाहेबांना. पाय पुढे कर. हा कुठला, उजवा? दुसरा कुठे गेला?

थोरली: हा इथे आहे, माझ्याजवळ.

धाकटी: मग बघत काय उभी आहेस? डावा तू बांध.

भिंगरी: एकदम वाकू नका गं दोघी. डोकी आपटतील.